छेदस्थानी

नागपूरला आढावा बैठक आहे, अकरा वाजता.
पन्नासच्या खाली निकाल लागलेल्या सगळ्या शाळा.
आमचे एकतीसपैकी चौदा पास.
मी ते तीनदा भागून पाहिलं,
चार दशांश स्थळांपर्यंत,
जणू पुढे कुठेतरी पोरं सापडतील.

भिवापूरच्या स्टँडवर कॉन्व्हेंटचा फ्लेक्स लागलाय, शंभर टक्के.
बावीस चेहरे, प्रत्येकाच्या मागे एक उगवता सूर्य.
त्यातला प्रज्योत ढोणे सातवीपर्यंत आमचा.
फ्लेक्सवर जे नाहीत, ते पाचही मला माहीत आहेत.
नववीनंतर आईबापाला ऑफिसात बोलावून, चहा पाजून
त्यांचे दाखले हातात ठेवले गेले.
ते पाचजण मग आमच्याकडे.
शंभर व्हायला जे वजा करावे लागतात
ते कुणाच्या तरी छेदात जाऊन बसतातच.

बस लागली तेवढ्यात कुणाली मसराम धावत आली.
"मॅडम, तीनच गुण कमी हायेत जी.
फेरपरीक्षेचा फारम कवा निंगते?"
नेट कॅफेतली दहा रुपयांची प्रिंट
तिनं माझ्या हातात कोंबली.
तिची बोटं लाल, नखांच्या कडा पिवळ्या.
डिसेंबरपासून ती सातऱ्यावर जाते,
मिरचीचे देठ खुडते, किलोवर पैसे.
सराव परीक्षेत तिनं पेन ओढणीत गुंडाळून धरला होता.
मी ओरडले होते, सरळ धर.
तिनं सरळ धरला होता.

उमरेडला कोळशाच्या ट्रकांमागे बस अर्धा तास उभी.

सभागृहात एसी. लहान बाटल्यांतलं पाणी.
पडद्यावर तालुक्यांचे खांब उभे राहिले,
हिरवे उंच, लाल बुटके.
मग कागद आले. रकाना नऊ:
कमी निकालाची कारणे, एका ओळीत.

एका ओळीत म्हणजे साधारण बोटभर जागा.

गणिताचं पद तीन वर्षांपासून रिकामं आहे.
मी भूगोलाची.
मला खडक कळतात, वैनगंगेचं खोरं कळतं,
काळी माती उन्हाळ्यात का भेगाळते ते कळतं.
त्रिकोणमिती मी आदल्या रात्री गाईडमधून वाचते
आणि सकाळी शिकवते.
थीटा आला की पोरं माझ्याकडे बघतात,
मी फळ्याकडे.
लोकेश दडमलनं एकदा विचारलं होतं,
"मॅडम, हे असंच काहून येते?"
मी म्हटलं, पाठ कर.
त्यानं पाठ केलं. पेपरात तेच उलटं आलं.
सतरातला एक तो.

हे लिहू? बोटभर जागेत?
विचार करता करता मी डोळा चोळला
आणि कुणालीची सकाळची बोटं
माझ्या डोळ्यात उतरली.
पाणी थांबेना. पदर, रुमाल, कशानंच थांबेना.
साहेब बोलायचे थांबले.
"अहो मॅडम, रडता कशाला?
एवढं मनाला लावून घ्यायचं नसतं.
पुढच्या वर्षी बघू."
कुणीतरी पाणी दिलं. मागे दोघी च्च् च्च् म्हणाल्या.
आयुष्यात पहिल्यांदा
एवढे अधिकारी माझ्याशी इतके हळू बोलले.
मिरची आहे, असं मी म्हटलं नाही.

एक डोळा मिटून मी रकाना नऊ भरला.
विद्यार्थ्यांची अनियमित उपस्थिती.
अक्षर चांगलं आलं.
शेजारच्या सरांनी मान जराशी वाकडी करून पाहिलं
आणि तेच उतरवून घेतलं.

मी हात आडवा धरला नाही.